मेस्त्रींचा जिवंत खडा

"हात तरी मिळवा मेस्त्री! की आता आम्हा खाणवाल्यांचा विटाळ होतो?" ओसरीच्या पायरीवरूनच वाल्देमार म्हणाला.

दगडांना घासून पैलू पाडणारे ओनोफ्रे मेस्त्री खुर्चीतून उठले नाहीत. त्यांचा उजवा हात नेहमीसारखा मांडीवर होता आणि तळव्यात तो प्रसिद्ध खडा.

"हात गुंतलाय, दिसत नाही? बस."

वाल्देमारची नजर खड्यावर गेलीच. अंड्याएवढा स्वच्छ स्फटिक, पोटात थोडंसं पाणी आणि पाण्यात तिळाएवढा काळा कण. असे पाणीवाले दगड कोरिंतो गावाच्या आसपासच्या खाणींत अधूनमधून निघत. पण त्यांना तिरपं करावं लागे, तेव्हा कुठे आतला कण घरंगळे. मेस्त्रींचा खडा नुसता तळव्यावर असला तरी आतला कण सारखा वळवळत असे. बघायला लांबून माणसं यायची, पण मेस्त्री कुणाच्या हातात देत नसत. "तो मला ओळखतो," एवढंच म्हणायचे. लोक त्याला जिवंत खडा म्हणत.

दोना लिन्दाउरा कॉफी घेऊन आली. वाल्देमारचा पेला काठोकाठ, नवऱ्याचा अर्धा.

"घरधन्याला अर्धीच? फार हात आखडलात, दोना."

"त्यांना जास्त चालत नाही," ती म्हणाली आणि पेला टेबलावर ठेवला. मेस्त्रींनी त्याला हात लावला नाही.

वाल्देमारनं पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला दगड काढला. वरून गढूळ, ओबडधोबड. एका कोपऱ्याशी साल पातळ होती. तिथून उन्हात बघितलं की आत पाणी दिसायचं आणि पाण्यात सरकणारा हिरवा कण.

मेस्त्री पुढे वाकले. डोळा त्या पातळ सालीशी नेला.

"हिरवा," ते म्हणाले. "हिरवा मी उभ्या जन्मात बघितला नाही. कुठे मिळाला?"

"ऐल्तोंच्या खड्ड्यात."

ऐल्तों वाल्देमारचा धाकटा भाऊ. दरड कोसळून त्याच खड्ड्यात गेला होता. शहरातल्या संग्रहालयानं कबूल केलं होतं की खिडकी, म्हणजे आतलं दिसेल अशी घासून गुळगुळीत केलेली जागा, नीट उघडली तर दगड काचेच्या कपाटात ठेवू आणि खाली ऐल्तोंचं नाव लिहू. भावाच्या थडग्यावर धड दगडसुद्धा बसवता आला नाही, ही सल वाल्देमारला रोज टोचत असे.

"खिडकी तुम्हीच उघडायची," तो म्हणाला. "साल कागदासारखी आहे. जरा जास्त घासली गेली की पाणी गेलं आणि कण चिकटला कायमचा."

"मला शिकवतोस?"

"दियामांतीनाला घेऊन जा," लिन्दाउरा मध्येच म्हणाली. "तिथं नवीन यंत्र आलंय म्हणे."

"यंत्राच्या हाती माझा भाऊ देऊ?"

"यांनी काम बंद केलंय. वर्ष झालं, घासायच्या चाकाला हात लावलेला नाही."

"मनाजोगता दगडच आला नव्हता," मेस्त्री म्हणाले. "आज आलाय."

"ओनोफ्रे, नको."

"एकच गं. हा एकच."

नवराबायकोत नजरानजर झाली आणि वाल्देमारच्या मनात पाल चुकचुकली. ही बाई त्याला इतकी का घालवायला बघतेय? बंद दाराआड दगड बदलल्याच्या गोष्टी त्यानं ऐकल्या होत्या. दुसराच हिरवा-बिरवा दगड गळ्यात मारला तर?

"मी आत बसतो," तो म्हणाला.

"चाक चालू असताना आत कुणी नाही. हाकही मारायची नाही. दचकलो तर दगड गेला. माहीत नाही तुला?" मेस्त्री हसले. "शंका येतेय? येऊ दे. रीतच आहे, तुझा दगड माझ्याकडे तोवर माझा तुझ्याकडे. धर."

आणि त्यांनी जिवंत खडा वाल्देमारच्या हातावर ठेवला.

वाल्देमार ओशाळला. असला ऐवज गहाण ठेवणारा माणूस चोर कसा असेल? हिरवा दगड छातीशी धरून मेस्त्री आत गेले. दार लागलं, कडी सरकली. लिन्दाउरा ओसरीच्या खांबाला टेकून उभी राहिली.

वाल्देमारनं तळवा पसरून मांडीवर ठेवला, अगदी मेस्त्रींसारखा. काळा कण तळाशी निपचित बसला होता.

अजून ओळख पटली नसेल, असं वाटून त्याला हसू आलं. त्यानं खड्यावर तोंडची वाफ सोडली. पुन्हा तळव्यावर ठेवून वाट बघितली. कण ढिम्म हलेना.

आत चाक सुरू झालं. रिकामं चाक, मऊ घुरघुर. दगड टेकला की आवाज खरखरीत होतो, हे त्याला ठाऊक होतं.

त्यानं खडा तिरपा केला. कण निमूट घरंगळत खालच्या टोकाला गेला आणि थांबला. इतर कुठल्याही दगडात जातो तसाच.

टेबलावर अर्धा पेला तसाच निवत होता.

"दोना," तो हळूच म्हणाला, "माझ्या हातात हा हलत का नाही?"

लिन्दाउरानं बंद दाराकडे पाहिलं.

"तुझा हात स्थिर आहे म्हणून," ती म्हणाली.

आत चाकाचा आवाज खरखरीत झाला.