तिसरं मत

चेन्नईत वेलचेरीच्या ऑफिसात आम्ही चाचणीसाठी खासगी ब्लॉकचेन उभारत होतो. चार मशिनं, म्हणजे नोंदी तपासून मत देणारे चार व्हॅलिडेटर. तिघांचा होकार आला की नोंद पक्की. कुणाला बाहेर काढायचं तरी तीनच मतं. श्रीवत्स साहेबाच्या हौसेखातर मशिनांना आम्हा चौघांचीच नावं दिली होती. शुद्ध मूर्खपणा, पण पगार तोच देतो.

दुपारी तो आणि टीममधली जननी जेवायला खाली गेले. तेवढ्यात माझ्या स्क्रीनवर ठराव आला: दर्शनला काढा.

दर्शन म्हणजे मी.

"लावण्या, हा फाजीलपणा तुझा?"

"अय्यो, मी दहीभात खातेय रे! हात बघ माझे."

एक मत पडलं.

मी उठलो आणि माझं सोडून बाकी तिन्ही मशिनांच्या वायरी उपटल्या. पंखे थांबले, दिवे विझले.

दुसरं मत पडलं.

"अरे, टेस्ट आहे ही," लावण्या हसली. "काढलं तर काढलं. तू काय मरतोस?"

तिसरं पडलं.

तिचं हसू तिथंच थांबलं. डबा बाजूला सारून ती उभी राहिली आणि अदबीने म्हणाली, "सार, कोण पाहिजे तुम्हाला?"