दुसऱ्या बाकावरच्या दोघी

"म्हणजे पुढच्या वर्षी मी वर्गात बसायचंच नाही?" मंजुळानं विचारलं.

संचिता मॅडम जूनमध्येच मुख्याध्यापिका झालेल्या. आवाज कधी चढवायच्या नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी भांडायचीही सोय नव्हती. "तुमची दीप्ती दहावीला जाईल, मंजुळाताई. बोर्डाच्या परीक्षेला तुम्ही तिच्या शेजारी बसणार आहात का?"

"तिला ऐकू येत नाही, मॅडम."

"ते माहीत आहे मला. तिला एकटीला समजतं किती, ते बघायचंय."

मग ठरलं ते असं. शुक्रवारी चांगदेव सर नववीला विज्ञानाचा नवा धडा शिकवणार, तेव्हा मंजुळा वर्गाबाहेर. धडा संपला की लगेच वीस मार्कांचा पेपर, नुसतं चूक की बरोबर लिहायचं. दीप्तीला चौदा मार्क पडले की ती पास, आणि पुढच्या वर्षीपासून मंजुळा मोकळी.

मोकळी म्हणे!

कोपरच्या त्या शाळेत पाचवीपासून ती लेकीशेजारी बसत होती. खिडकीकडचा दुसरा बाक, शिकवणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडतो म्हणून. कानातल्या मशीननं दीप्तीला आवाज कळायचा, शब्द कळायचे नाहीत. ते ती ओठांवरून ओळखायची. पण सर फळ्याकडे वळले की ओठ दिसणार कुठून? मग मंजुळा भराभर वहीत लिहायची, नाहीतर हातांच्या खुणांनी सांगायची. चांगदेव सरांच्या मिशा तर अशा झुपकेदार, की खाली ओठ आहेत की नाहीत याचीच शंका यावी.

वर्गातली पोरं तिला काकी म्हणायची. शाळा बुडवलेला ऋतुराज दुसऱ्या दिवशी सरळ तिच्याचकडे यायचा. "काकी, तुमची वही द्या ना. अक्षर एक नंबर आहे तुमचं."

आता खरं काय ते सांगूनच टाकायला हवं. मंजुळाचं स्वतःचं नाव सातवीत शाळेतून काढलेलं. आई अंथरुणाला खिळलेली, पाठची तीन भावंडं, तिला विचारतंय कोण! पुढची कित्येक वर्षं शाळेसमोरून जाताना ती मान खाली घालून जायची. आणि मग लेकीचं बोट धरून ती पुन्हा वर्गात येऊन बसली. आठवीत एकदा सरांनी प्रश्न टाकला आणि हिचाच हात वर! अख्खा वर्ग हसून लोटपोट. हीसुद्धा हसली, आणि घरी येऊन मोरीत तोंड धुवायच्या निमित्तानं रडली. हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. लेकीच्या अडचणीवर आपण आपली हौस भागवून घेतोय, याची तिला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटायची.

शाळेनं एकदा, दीप्ती सातवीत असताना, दोघींना वेगळं करून पाहिलेलं. आठ दिवस दीप्ती कोऱ्या वह्या घेऊन घरी आली. नवव्या दिवशी मंजुळा परत बाकावर.

"या वेळी होईल ती पास," गुरुवारी चहा पिताना तिचा नवरा प्रफुल्ल म्हणाला. मानपाड्याच्या कारखान्यातून तो नुकताच घरी आलेला. "मग तू बस आरामात घरी."

"आराम कुणाला पायजे?" मंजुळा फटकन बोलली आणि तिनं जीभ चावली. समोर दीप्ती बसलेली, आईच्या तोंडाकडे बघत.

मंजुळा तिच्याकडे वळली. खुणांनी म्हणाली, "उद्या नीट लक्ष दे. पास व्हायलाच पाहिजे हं."

अगदी मनापासून सांगितलं तिनं. लेक पुढे जायला नको, असं कुठल्या आईला वाटेल? पण हात बोलत होते आणि आत जीव तुटत होता. दीप्तीनं शहाण्यासारखी मान हलवली.

शुक्रवारी मंजुळा जिन्याखाली नळापाशी उभी राहिली. वर्गातून सरांचा आवाज येत होता. धडा वनस्पतींच्या वर्गीकरणाचा.

"नेच्याला फुलं येतात का रे?"

"नाही, सर," मंजुळा पुटपुटली.

बाटली भरत असलेले शिपाई धोंडीबा वळले. "काय म्हणालात ताई?"

"काही नाही, काका."

आतला शब्द न् शब्द तिला ऐकू येत होता, आणि आत जायची सोय नव्हती. पाच वर्षांत पहिल्यांदाच ती शाळेत होती आणि हातात वही नव्हती. हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून ती उगाच पदर चाचपत राहिली.

शनिवारी मॅडमनी तिला ऑफिसात बोलावलं आणि पेपर समोर ठेवला. वीसपैकी शून्य. वीसच्या वीस उत्तरांवर लाल फुल्या.

मंजुळाचं तोंड उतरलं. आणि त्याच क्षणी मन आतून टुणकन उडालं. कसली आई आहेस गं तू, तिनं स्वतःलाच शिव्या घातल्या. पोर नापास झाली आणि तुला उकळ्या फुटतायत?

पण तोंडातून निघून गेलंच, "मग मला बसावं लागेल ना, मॅडम? दहावीला?"

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "डोळे मिटून चूक-बरोबर ठोकून दिलं, तरी आठ-दहा मार्क पडतात, ताई. वर्गात ज्याला सगळ्यात कमी आहेत त्यालाही सात आहेत. हिला एकही नाही?"

मंजुळानं बोटानं फुल्या पुन्हा मोजल्या.

"वीसच्या वीस चुकवायचे, तर वीसच्या वीस यावे लागतात. फळ्यावरून, पुस्तकातून सगळं कळलंय तिला. मी तिला विचारलं, मुद्दाम का केलंस? तिनं इथंच उभं राहून लिहून दिलं."

त्यांनी पेपर उलटा केला. मागच्या बाजूला दीप्तीच्या अक्षरात एकच ओळ होती.

"मी पास झाले तर आईची शाळा सुटेल."