तिसरा हिस्सा

"आवं पंत, मी पानी प्यायला आली न्हाई. हिश्शाचं बोलायला आलीया," रंगूबाई उंबऱ्यातूनच म्हणाली.

विष्णुपंत कोट-टोपी घालून बाहेर पडायच्या बेतात होते. तिला बघून त्यांनी हातातला कागद घाईनं खिशात घातला आणि झोपाळ्यावर बसले.

"मी तुमच्याच गावी निघालो होतो," ते म्हणाले.

म्हणजे हिस्सा मागायलाच, असं मनात म्हणून रंगूबाई पदर खोचून खाली बसली. रहिमतपूरच्या बाजूचं तिचं गाव. त्या काळी सांगली म्हणजे संस्थान, सातारकरांना परमुलूखच. मिरजेला गाडी बदलून ती एकटी पंतांकडे सांगलीला आली होती.

समुद्रापार, इराकातल्या बसऱ्याला सरकारनं एक घर भाड्यानं घेतलं होतं. खाली कचेरी, वर राहायची खोली. तिथं पंतांचा मुलगा गंगाधर, कचेरीतला कारकून, आणि रंगूबाईचा नवरा मानसिंग, सरकारी गोदामावरचा मुकादम, असे दोघे राहत. वर राहणाऱ्यांनी भाड्यात वाटा द्यायचा असा नियम होता. गंगाधर म्हणे निम्मा-निम्मा. मानसिंग म्हणे, मी तिसरा हिस्सा देईन. एका खोलीत निजून भांडायचं कसं, म्हणून दोघांनी भांडण आपापल्या घरी पाठवून दिलं होतं.

'तिसऱ्यावर मिटलं तर दिवाळीला यायचं बोटीचं भाडं जमेल,' असं मानसिंगनं लिहिलं होतं. त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती.

पत्र शाळेतल्या मास्तरांनी वाचून दाखवलं. रंगूबाईला एकच अक्षर ओळखता यायचं, कागदाच्या माथ्यावरचा 'श्री'. मयताच्या कागदावर तो नसतो, म्हणून आधी तो बघायचा, मग श्वास सोडायचा, मग वाचणारा शोधायचा, हे तिला सासूनं शिकवलं होतं.

"खिडकीची खाट तुमच्या लेकाची," तिनं सुरुवात केली. "आमचं मालक दाराशी निजत्यात. मग निम्मं कशाचं?"

"खरं आहे."

"त्यांची एवढी मोठी ट्रंक. आमची नुसती वळकटी."

"खरं आहे."

गाडीत घोकून आणलेलं सगळं तिथंच संपलं.

"मग तिसरा हिस्सा?"

"काहीच नको. पुढचं भाडं गंगाधर एकटा भरेल."

रंगूबाईला राग आला. "फुकाट न्हाई ऱ्हायाचं आमाला. उद्या तुमचा लेक त्यास्नी फुकट्या म्हनंल."

"तसं तो कधीच म्हणणार नाही."

"मग लिवून द्या."

पंतांनी दौत-टाक घेतला. चार ओळींचं काम, पण टाक पुन्हा पुन्हा कोरडा पडत होता. आतून त्यांची सून उमा करंडा घेऊन आली. तिनं सासऱ्यांकडे पाहिलं, तशीच मागं फिरली आणि गुळाचा खडा तेवढा घेऊन आली. सवाष्णीला कुंकू न लावता कुणी वाटेला लावतं का? आपण खेड्यातल्या म्हणून, रंगूबाईला वाटलं. गूळ तिनं तोंडात टाकला नाही, पदराला बांधला.

पंतांनी कागदाची घडी करून दिली. "मास्तरांकडून वाचून घ्या. पण घरी गेल्यावर. मी येतो तुमच्याबरोबर."

"कशाला? वाट ठावं हाय मला."

तरी ते आले. पेठेत रंगूबाईनं मुद्दाम त्यांच्यादेखत कुंकवाची पुडी घेतली आणि तिथंच कपाळभर लावलं. पंतांनी मान फिरवली. लाज वाटली असंल, ती मनात म्हणाली.

मिरजेला पुण्याची गाडी यायला अवकाश होता. पंत लांब नळाशी जाऊन उभे राहिले. रंगूबाई फलाटावर वळकटीला टेकून बसली. दिवाळीला किती दिवस राहिले, ती बोटांवर मोजत होती. मालक आल्यावर त्यांना दाखवायला हा कागद डब्यात जपून ठेवायचा. बाईमाणूस, पण कसं मिटवून आली, म्हणतील.

अक्षर तरी बघावं म्हणून तिनं घडी उलगडली. चार ओळी, मोत्यासारख्या. तिनं माथा पाहिला. कागद उलटा धरला असेल, म्हणून फिरवून पुन्हा पाहिला.

'श्री' कुठंच नव्हता.