राणीवरचा मंत्र

दादाची लेक तापाने गेली, तेव्हापासून वहिनी हसलीच नव्हती. तिचं मन रमावं म्हणून रविवारी दुपारी मी त्या दोघांना घेऊन फाशांचा कथाखेळ मांडायचो. गोष्ट मी सांगायचो, त्यातली पात्रं ते दोघं व्हायचे. वहिनी तलवारबाज राणी असायची.

त्या दिवशी गोष्टीतल्या चेटकिणीने राणीवर विस्मरणाचा मंत्र टाकला. पण खेळणाऱ्याला विचारल्याशिवाय त्याच्या पात्राच्या मनात शिरायचं नाही, हा माझा नियम.

"वहिनी, राणी आपलं सगळं दुःख विसरेल. चालेल?"

"चालेल काय, पळेल!"

मग ती अशी काही रंगात आली! दादाची टिंगल केली, पोट धरधरून हसली. दादाचे डोळे भरून आले.

शेवटी मी म्हणालो, "मंत्र उतरला." आणि फासे डबीत भरले.

वहिनी उठली आणि भिंतीवरच्या फोटोपाशी थबकली. "किती गोड आहे! कुणाची हो ही मुलगी?"

दादा पांढराफटक पडला. "अगं, असं काय करतेस? ही आपली..."

तो नावाशी अडखळला. आठवेना, म्हणून त्याने माझ्याकडे पाहिलं.

मलाही आठवेना.