गंगव्वाची ओटी

"पाणी वरनं आलं का खालनं?" इमामसाबनी तिसऱ्यांदा विचारलं.

शिवलिंगप्पाचं डोकं तडकलं. विमा कंपनीचा हा माणूस सकाळपासून भवानी पेठेतल्या त्याच्या सुताच्या दुकानात ठाण मांडून होता. गाठी हुंगत होता. भिंती खरवडत होता.

"खालनं म्हनलं की. मागच्या नाल्याचं. ही रेघ दिसत न्हाय व्हय?"

भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला चिखलाची रेघ होती. इमामसाबनी टेप लावून मोजली.

"राग मानू नका, आप्पा. कंपनी पुराचं पाणी धरते. नाल्यातनं उंबरा ओलांडून आत आलेलं. छपरातनं पाऊस गळला, माल भिजला, तर काही मिळत नाही."

"विकताना कुनी सांगितलं हे? तवा म्हनला, पाण्यानं नुसकान झालं की भरपाई."

"पाण्यानं नाही, पुरानं. कागदात लिहिलंय."

"लिव्हलंय इंग्रजीत!"

इमामसाब हसले. ते हसणं शिवलिंगप्पाला आवडलं नाही. कागद देताना गोड बोलतात आणि द्यायची वेळ आली की फट शोधतात, असं सगळी पेठ म्हणत होती. सगळ्या गाठी सडून वास मारत होत्या. भरपाई नाही मिळाली तर दुकानाला कुलूप, आणि सासऱ्याच्या दारात जाऊन त्याची शेरडं राखायची. सासरा तर वाटच बघत होता.

"छप्पर बघू," इमामसाब म्हणाले.

"बघा की. एक भोक दावा."

वर पत्रे चकचकत होते. उन्हाची एक तिरीप आत येत नव्हती.

"नवे दिसतात."

"नवंच हायत. मग गळतील कशाला?"

इमामसाबनी वहीत काहीतरी टिपलं. मग ते दारात गेले आणि एकदम खाली बसले. उंबऱ्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढलेली होती. कोपऱ्यात सुकलेला नारळ, हिरव्या खणाचा तुकडा. त्यांनी कुंकवाला बोट लावून बघितलं.

"आत कमरेएवढं पाणी, आणि उंबऱ्यावरचं कुंकू जागच्या जागी?"

शिवलिंगप्पा लगबगीनं उंबऱ्यापाशी आला. सापडली ह्याला फट!

"ते पाणी वसरल्यावर लावलंय. गंगव्वाची ओटी. पाणी दारात येऊन गेलं की बायामाणसं भरत्यात. आमच्यात रीत हाय."

"घरच्या कुठं आहेत?"

"वळसंगला, माहेरी. पुराच्या दुसऱ्या दिवशीच भाऊ गाडी घेऊन आला. भावजय बाळंत झाली म्हनून गेली. बारा दिस झालं. इचारायचं तर जावा तितं!"

इमामसाबनी वही मांडीवर घेतली.

"नको. माफ करा, आप्पा. आमचं कामच संशयाचं. चांगल्या माणसाला दहादा विचारावं लागतं." त्यांनी पेनचं टोपण काढलं. "मंजूर करा, असं लिहितो."

शिवलिंगप्पानं हात जोडले. त्याचे डोळे भरून आले.

तेवढ्यात दारात बैलगाडी थांबली. काखेत बोचकं घेऊन त्याची बायको निंगव्वा उतरली.

"तू? महिन्याची बोली हुती की तुजी!"

"मन लागंना तितं. तुमचं जेवणाचं काय, दुकानाचं काय," म्हणत ती आत आली. परका माणूस बघून तिनं पदर सावरला.

"या वहिनी," इमामसाब अदबीनं उठले. "तुमच्या ओटीचीच गोष्ट चालली होती."

निंगव्वाचा चेहरा फुलला. "लई पावली बघा गंगव्वा! पाणी उंबऱ्याला लागलं, मी ओटी भरली, आन् तितनंच माघारी फिरली. एक थेंब आत न्हाय." मग तिनं वर बघितलं. "अगं बया! नवं पत्रं घातलं व्हय? बरं केलं. आता तरी सूत भिजायचं न्हाय."