नवव्या मेसेजचा अर्थ

नवव्या मेसेजपाशी पोलीस ठाण्यात बोलावलेल्या दुभाषी बाईंचं पेन थांबलं.

पहिले आठ त्यांनी पटापट हातावेगळे केले होते. ‘यू आर टोस्ट’ला ‘तुझं आता काही खरं नाही’, ‘वॉच युअर बॅक’ला ‘सावध राहा, कुणीतरी मागावर आहे’. मेल्याला धमकी द्यायलाही उसनं इंग्रजी लागतं, कुणाचे दिवटे चिरंजीव आहेत कोण जाणे, असं त्या इन्स्पेक्टरांना म्हणाल्याही होत्या. मेसेज औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या एका मुलीला येत होते. पाठवणाऱ्याचा नंबर खोटा होता.

नववा होता, ‘टुमॉरो, वॉच युअर शूज.’

असं इंग्रजी जगात कुणी बोलत नाही. बाईंच्या घरात मात्र बोलतात. मुलगा तीन वर्षांचा असताना नाड्या सुटलेल्या बुटांनी धडाधड जिना उतरायचा, आणि तेव्हा नुकत्याच इंग्रजी शिकू लागलेल्या बाई ‘पाय जपून टाक’ म्हणायला स्वतःच्या मनानंच तसं ओरडायच्या. पुढे चूक कळली, तरी घरातून कुणी निघालं की तेच म्हणायची सवय राहिली. आज सकाळी दारात त्यानं त्यांना हसत हसत तेच म्हटलं होतं. हल्ली डोकं दुखतं असं सांगून तो रोज औषधाच्या दुकानात का जायचा, तेही आता उमगलं.

“याचा अर्थ कुठेच सापडत नाही, मॅडम,” इन्स्पेक्टर म्हणाले.

बाईंनी पेन पुन्हा उचललं. एकुलता एक मुलगा. त्याला पोलीस घेऊन जाताना सगळी इमारत बघेल, त्याच्या आयुष्याचं मातेरं होईल. त्यांनी लिहिलं, ‘अर्थहीन. टायपिंगची चूक.’ खाली सही केली आणि कागद देऊन टाकला. इन्स्पेक्टरांनी तो फाइलला लावला.

बाहेर बाकावर ती मुलगी वडिलांना चिकटून बसली होती. जिन्यात पावलं वाजली की दचकत होती. बाई मान खाली घालून पुढे निघाल्या, तर तिनं हळूच विचारलं, “काकू, त्या शेवटच्या मेसेजमध्ये काही वाईट नाही ना? उद्या कामावर जाऊ ना मी?”

बाईंना ‘जा’ म्हणायचं होतं. पण त्या माघारी फिरल्या आणि इन्स्पेक्टरांच्या टेबलाला धरून उभ्या राहिल्या.

“तो कागद फाडा, साहेब. अर्थ सांगते. आणि पत्ताही.”