खमंग

मुलगा ओट्याला टेकून, हाताची घडी घालून उभा राहिला, तेव्हाच आईच्या लक्षात आलं की आज नुसता स्वयंपाक नाही, परीक्षा आहे.

"तू कर नेहमीसारखं. मी फक्त बघतो," तो म्हणाला.

"बघ की. लहानपणी जेवायची हाक मारल्याशिवाय कधी फिरकला नाहीस इकडे. आता तरी शिकशील," असं म्हणत तिने कढई गॅसवर ठेवली.

बोलण्यात ती कुणाला हार जाणारी नव्हती. पण आज ती मनातून घाबरली होती. गेल्या आठवड्यात डाळीचं पातेलं करपून कोळसा झालं, धूर जिन्यापर्यंत गेला, आणि ही बाहेरच्या खोलीत एकटीच निवांत टीव्ही बघत बसलेली. शेजारणीने दार बडवलं तेव्हा कळलं. डोळा लागला होता, असं तिने सगळ्यांना सांगून टाकलं. खरं कारण एकट्या सुनेला ठाऊक होतं. हिवाळ्यातल्या तापानंतर तिला कसलाच वास येईनासा झाला होता. ना फुलाचा, ना फिनेलचा.

मुलाला हे कळलं असतं तर त्याने त्याच दिवशी तिचं चंबूगबाळं उचललं असतं. धुराचा वास हिला आला कसा नाही, ही शंका त्याला होतीच, म्हणून आजही तो बायकोबरोबर रिकामी बॅग घेऊनच आला होता. "आमच्याकडे तुला गॅससमोर उभंसुद्धा राहावं लागणार नाही," असं तो अगदी मायेने म्हणाला, आणि तेच तिच्या जिव्हारी लागलं.

खोबरं नाकाने भाजायचं असतं, डोळ्यांनी नाही, हे ती आयुष्यभर ज्याला त्याला ऐकवत आली होती. पठ्ठ्याने ते लक्षात ठेवलं होतं. भाजलेल्या खोबऱ्याचा रस्साच हवा, म्हणून हटून बसला.

तिने थोड्या तेलात किसलेलं ओलं खोबरं घातलं, धणे, सुक्या मिरच्या, कढीपत्ता घातला. उलथणं फिरत राहिलं. शेजारी सून शेवग्याच्या शेंगा सोलत होती.

"अहाहा! धण्यांचा वास सुटला हं, आई," सून मान वर न करता म्हणाली.

"सुटला ना? मग आच कमी करते."

"तू कशाला मध्ये मध्ये सांगतेस?" मुलगा बायकोला म्हणाला. "जा, पानं घे बाहेर."

"शेंगा राहिल्यात अजून."

"मी करतो त्या."

सुनेने सासूकडे एकदा बघितलं आणि सुरी खाली ठेवली. जाताना ताटं उगाच आपटत नेली.

खोबरं पिवळं झालं, मग लालसर. लवकर उतरवलं तर रस्सा मिळमिळीत, जरा उशीर झाला तर कडूजहर. रंगावर जावं तर स्वयंपाकघरात दिवसाही लावावा लागणारा बल्ब इतका पिवळट, की त्याच्या उजेडात सगळंच भाजलेलं दिसायचं. चाखून बघावं तर मुलाचा संशय पक्का झाला असता. खोबरं भाजताना तिने उभ्या जन्मात चाखलं नव्हतं. तिने कान टवकारले. ओलं खोबरं उलथण्याला जड लागतं, आवाज करत नाही. सुकलं की सळसळतं. ती सळसळ तिला ऐकू येत होती, पण पुरेशी झाली का, ते कळत नव्हतं. मुलाचं शेंगांकडे लक्षच नव्हतं. कढईकडेही नव्हतं. तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

"झालं का गं?"

तिने चिमूटभर खोबरं उचलून बोटांत चुरडलं. कुरकुरीत लागलं.

"झालं," म्हणून तिने गॅस बंद केला.

मिक्सरमधून वाटण काढल्याबरोबर मुलाने त्यात बोट बुडवून चाटलं. पुन्हा एकदा चाटलं.

"तीच चव," तो शेवटी म्हणाला आणि हसला. "बरं बाई, जिंकलीस. राहा तू इथेच. मीच उगाच धसका घेतला."

तो बाहेर गेला. बॅग गाडीत नेऊन ठेव, असं तो बायकोला सांगत असलेलं आईने ऐकलं आणि तिचे डोळे भरून आले. हा ओटा, ही शेगडी, हे सगळं अजून तिचं होतं. दोघं भुकेली असतील म्हणून तिने घाईने शेंगा आणि छोटे कांदे पातेल्यात टाकले, वर वाटण आणि पाणी ओतलं, चिंचेचा कोळ घातला, आच मोठी केली आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. मग नळ पूर्ण सोडून मिक्सरचं भांडं घासायला घेतलं. कितीतरी दिवसांनी ती गुणगुणत होती.

तिच्या पाठीमागे रस्सा फुगला, झाकण उचलून भसकन बाहेर आला आणि बर्नरवर सांडला. ज्योत विझली. नळाच्या आवाजात तिला काहीच ऐकू आलं नाही.

बाहेर मुलगा बोलता बोलता थांबला. झपाझप आत आला. त्याने आधी शेगडीचं बटण बंद केलं, मग खाली वाकून सिलिंडरचं. स्वयंपाकघरात गॅसचा वास नुसता कोंदला होता. आई पाठमोरी भांडं विसळत होती.

"आई," तो म्हणाला. "कसला वास येतोय गं?"

अजून परीक्षा संपली नाही तर याची! तिला हसू आलं.

"कसला म्हणजे? खोबऱ्याचा. घरभर कसा खमंग सुटलाय!"

मुलाने खिडकी सताड उघडली. दारात आलेली सून जागच्या जागी थिजली.

"अरे, खिडकी कशाला उघडतोस?" आई म्हणाली. "सगळा वास जाईल ना बाहेर."